मनगटाला लागलंय तेव्हा व्यायाम कसा चालू ठेवायचा: प्लास्टरपासून पुन्हा जोर मारण्यापर्यंत

सगळ्यात जास्त चूक होते ती पहिला व्यायाम निवडण्यात. प्लास्टर निघालं की दुसऱ्याच दिवशी माणूस जमिनीवर हात टेकून एक जोर मारून बघतो, ‘होतंय का ते तरी कळेल’ म्हणून. आणि त्याच्या आधीचे पाच-सहा आठवडे मात्र काहीच केलेलं नसतं, पाय पण नाही, पोट पण नाही, चालणं सुद्धा बंद. खरं तर उलटं पाहिजे. बाकीचं शरीर पहिल्याच आठवड्यापासून कामाला लावायचं आणि वाकवलेल्या मनगटावर अंगाचं वजन टाकणं एकदम शेवटी ठेवायचं. जिममध्ये लोकांकडून व्यायाम करून घेताना हा क्रम मला रोज कोणाला ना कोणाला सांगावा लागतो म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

हे मुख्यतः पडून हात टेकल्यामुळे झालेल्या फ्रॅक्चरसाठी आणि मुरगळण्यासाठी आहे. पावसात गाडी घसरली, बाथरूममध्ये पाय सरकला, आपण आपोआप हात पुढे करतो आणि सगळा भार तळहातावर येतो, ती केस. तुमच्या डॉक्टरांनी किंवा फिजिओने वेगळं काही सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका, कारण एक्स-रे त्यांनी बघितलाय.

१. आधी नक्की काय झालंय ते कळू दे

‘बोटं हलतायत म्हणजे फ्रॅक्चर नाही’ हे साफ चूक आहे. हाड मोडलेलं असताना पण बोटं हलतात.

अंगठा वर ताणून धरा, मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला दोन शिरांच्या मधे एक खळगा दिसतो. पडल्यानंतर त्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल तर स्कॅफॉइड नावाच्या छोट्या हाडाला लागलेलं असू शकतं. हे हाड फसवं आहे, पहिल्या एक्स-रेमध्ये बऱ्याचदा काहीच दिसत नाही, म्हणून डॉक्टर स्प्लिंट (काढता येणारी आधारपट्टी) घालून १०-१४ दिवसांनी परत एक्स-रे काढतात नाहीतर एमआरआय सांगतात. लोक पहिला रिपोर्ट नॉर्मल आला की स्प्लिंट काढून फेकतात आणि परत जातच नाहीत. या हाडाचा रक्तपुरवठा पुढच्या टोकाकडून मागे येतो, त्यामुळे मागचा भाग तुटला असेल तर तो खूप सावकाश जुळतो, कधी जुळतच नाही. दुसरा एक्स-रे चुकवू नका.

करंगळीच्या बाजूला दुखतंय, कपडे पिळताना, दाराची मूठ फिरवताना, खुर्चीच्या हातावर रेटा देऊन उठताना कळ येते, असं असेल तर तिथल्या कूर्चेला म्हणजे टीएफसीसीला लागलंय का ते विचारा. अंगठ्याच्या मुळाशी दुखणं, जे तान्ह्या बाळाला सारखं उचलणाऱ्या आयांना खूप होतं, किंवा रात्री अंगठा आणि पहिल्या दोन बोटांना मुंग्या येणं, ही वेगळी दुखणी आहेत, त्यांना खालचा क्रम जसाच्या तसा लावू नका.

डॉक्टरांना चार गोष्टी विचारून फाइलवर लिहून घ्या: नेमकं कुठलं हाड किंवा लिगामेंट (हाडांना एकमेकांशी बांधणारा पट्टा), किती आठवडे या हाताने काहीच उचलायचं नाही, बोटं-कोपर-खांदा आत्तापासून हलवू का, आणि पुढची तपासणी कधी.

⚠ पडल्या पडल्या त्या हातातल्या अंगठ्या, बांगड्या, पाटल्या, कडं सगळं काढा. तासाभरात सूज आली की ते निघत नाही आणि मग कापावं लागतं.

⚠ पहिले काही दिवस चोळणं, गरम शेक, कोणाकडून तरी ‘ओढून बसवून घेणं’ हे काहीही नको. फ्रॅक्चर असेल तर ओढल्याने जागेवर असलेलं हाड सरकू शकतं. सूज असताना बर्फ कपड्यात गुंडाळून १०-१५ मिनिटं आणि हात उंच, एवढंच.

⚠ प्लास्टर घातल्यावर दुखणं कमी होण्याऐवजी वाढतच चाललंय, बोटं बधीर, निळसर किंवा थंड पडतायत, दुसऱ्या हाताने बोटं सरळ केली तर असह्य कळ येतेय, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री असेल तर रात्रीच हॉस्पिटल.

२. तयारी

ही पायरी सगळे गाळतात. प्लास्टरमध्ये व्यायाम करताना खरी भीती असते ती परत पडण्याची, कारण तोल गेला तर सावरायला एकच हात आहे आणि दुसरा आपोआप पुढे जाणारच. म्हणून व्यायामाची जागा कोरडी, पायात चप्पल नको, घट्ट शूज, जवळ धरायला चांगल्या हाताकडे भिंत किंवा जड टेबल. दोरीवरच्या उड्या, बॉक्स जंप, पावसाळी रस्त्यावर पळणं, बॅडमिंटन, क्रिकेट हे सगळं बंद.

सामान फार लागत नाही. दोन्ही खांद्यांवर अडकवायची सॅक, त्यात पुस्तकं किंवा तांदळाच्या पिशव्या. वेल्क्रोवाले वजनाचे पट्टे, जे घोट्याला बांधतात ते, कोपराच्या वर दंडाला पण बांधता येतात. एक रबरी बँड. आणि आपण वर उभं राहून वजन करतो तो घरातला वजनकाटा, तो नंतर खूप उपयोगाला येणार आहे.

जिमला जात असाल तर ट्रेनरला आणि शेजारी व्यायाम करणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की प्लेट लावायला, पिन बदलायला मदत लागेल. २० किलोची प्लेट एका हाताने स्टँडवरून काढताना दुसरा हात सवयीने खाली लागतो, आणि तिथेच गडबड होते.

घाम हा वेगळा प्रश्न आहे. प्लास्टर आतून ओलं राहिलं की खाज, वास, कधी त्वचा सोलवटते. सकाळी लवकर नाहीतर पंख्याखाली व्यायाम करा, एकदम चिंब होईपर्यंत नको. आत खाज सुटली तर पट्टी, पेन, विणकामाची सुई घालायची नाही, जखम झाली तर ती आत दिसत पण नाही.

खाण्याचं थोडक्यात: हालचाल कमी झाली म्हणून जेवण निम्म्यावर आणू नका, हाड जुळायला आणि स्नायू टिकायला प्रोटीन लागतंच. दोन्ही जेवणात डाळ-उसळ आहेच, पण तेवढ्याने भागत नाही, सोबत अंडी, पनीर, दही, सोया चंक्स, मासे, चिकन, जे घरात चालतं ते वाढवा. नाचणी कॅल्शियमसाठी चांगली. आणि तंबाखू बंद, सिगरेट बंद, मिश्री सुद्धा बंद. मिश्रीला बऱ्याच घरात तंबाखू धरतच नाहीत, पण ती भाजलेली तंबाखूच आहे, आणि तंबाखूमुळे हाड जुळायला उशीर होतो.

३. पहिल्या दिवसापासून: बोटं, कोपर, खांदा

डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर हे लगेच सुरू करायचं, जागेपणी दर दोन-एक तासांनी.

बोटं पूर्ण सरळ. मग फक्त वरचे दोन सांधे वाकवून आकड्यासारखा आकार. परत सरळ. मग पूर्ण मूठ, जेवढी होईल तेवढी. परत सरळ. अंगठा प्रत्येक बोटाच्या टोकाला लावायचा. असं दहा वेळा. नंतर कोपर पूर्ण वाकवून पूर्ण सरळ करायचं. आणि दिवसातून तीन-चार वेळा गळ्यातली झोळी काढून हात डोक्याच्या वर न्यायचा.

खांद्याचं खास सांगते कारण हे कोणी करत नाही. झोळीत महिनाभर हात गळ्यात अडकवून ठेवला की मनगट बरं होतं आणि खांदा आखडतो, चाळिशी-पन्नाशी पुढच्या बायकांमध्ये आणि डायबेटिस असलेल्यांमध्ये तर जास्तच, आणि मग तो खांदा मोकळा करायला मनगटापेक्षा जास्त महिने जातात.

तपासा: आठवड्याभरात बोटांची सूज कमी होतेय का, मूठ थोडी जास्त मिटतेय का. नसेल तर बसताना-झोपताना हात उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

४. पाय, पोट, पाठ

पहिले चार-पाच दिवस फक्त चालणं, दुखणं आणि सूज उतरली की हे. आठवड्यातून तीन दिवस, मधे एक दिवस सोडून.

पायांसाठी बैठका हा सगळ्यात सोपा पर्याय, हात छातीशी घेऊन, आणि सोप्या वाटायला लागल्या की सॅक पाठीला लावून. मग एक पाय मागे खुर्चीवर ठेवून एका पायाची बैठक, जिन्याच्या पायरीवर चढ-उतार, भिंतीला टेकून बसणं. कंबरेसाठी पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं, आधी दोन पायांवर मग एका पायावर. प्रत्येकाचे ८ ते १५, तीन सेट. सॅक चढवताना दुखरा हात आधी पट्ट्यातून घाला, मागे पिळून घालायला लावू नका.

जिममध्ये लेग एक्स्टेन्शन, लेग कर्ल, काफ रेझ आरामात होतं, फक्त बाजूचे हँडल दुखऱ्या हाताने आवळायचे नाहीत. लेग प्रेस पण चालतं, पण त्याचे लॉक बऱ्याच मशीनवर दोन्ही बाजूंना असतात आणि दोन्ही हातांनी फिरवावे लागतात, म्हणून लॉक काढायला आणि लावायला माणूस पाहिजे, एकट्याने नको. खांद्यावर बार घेऊन स्क्वॉट नको, स्मिथ मशीनवर (ज्यात बार रुळांवर सरकतो) पण नको, कारण बार सुटला तर धरायला दोन हात लागतात.

पोटासाठी पाठीवर झोपून उलट हात-पाय सावकाश लांबवणं, पाय उचलणं, आणि चांगल्या बाजूच्या कोपरावर साइड प्लँक, म्हणजे कुशीवर वळून अंग सरळ उचलून धरणं. नेहमीचा कोपरावरचा प्लँक प्लास्टर असेपर्यंत नको, प्लास्टरवर दाब येतो.

दमश्वासासाठी चालणं किंवा उभी स्टॅटिक सायकल, हँडलवर रेलून नाही, पाठ सरळ ठेवून. ट्रेडमिलवर फक्त चालायचं, पळायचं नाही, आणि आपण घसरलो तर मशीन थांबवणारी ती लाल क्लिप कपड्याला लावूनच.

⚠ व्यायामाच्या आधी पेनकिलर घेऊ नका. दुखणं हाच तुमचा ब्रेक आहे आणि गोळीने तोच निघून जातो.

५. चांगल्या हाताचा व्यायाम बंद करू नका

‘एकाच हाताचा केला तर एक हात जाड एक बारीक होईल’ म्हणून लोक दोन्ही बंद ठेवतात. एका हाताची ताकद वाढवली की दुसऱ्या, न वापरलेल्या हाताची ताकद पण थोडी टिकते, कारण ताकदीचा बराचसा भाग मेंदू आणि नसांकडून येतो. हे प्रयोगात नीट दिसलेलं आहे, मनगट मोडलेल्या पन्नाशीपुढच्या बायकांवर कॅनडात झालेल्या अभ्यासात पण चांगल्या हाताचा व्यायाम करणाऱ्यांची दुखऱ्या हाताची ताकद सुरुवातीच्या काळात लवकर परत आली.

म्हणून एका हाताने डंबेल रो (वाकून डंबेल कमरेकडे ओढणं), एका हाताने शोल्डर प्रेस, बाकावर झोपून एका हाताने चेस्ट प्रेस, हॅमर कर्ल (अंगठा वर ठेवून कोपर वाकवणं), आणि मूठ आवळण्याचा व्यायाम. वजन खरोखर जड वाटलं पाहिजे, सहा ते दहा वेळात हात भरून आला पाहिजे, हलकं हलकं करून फायदा नाही. फक्त एक लक्ष ठेवा, चांगल्या हाताने जोर लावताना दुखऱ्या हाताची मूठ पण नकळत आवळली जाते, ती सैल ठेवा.

दुखऱ्या बाजूचा खांदा कामाला लावायला दंडाला, कोपराच्या वर, वेल्क्रोचं वजन बांधून हात बाजूला आणि पुढे उचला. केबलचा घोट्याचा पट्टा पण दंडाला बांधून मागे ओढता येतो. यात मनगटाला काहीच कळत नाही.

६. प्लास्टर निघालं: आधी हालचाल, वजन नाही

मनगटाच्या वरच्या मोठ्या हाडाच्या साध्या फ्रॅक्चरला प्लास्टर साधारण सहा आठवडे असतं. ऑपरेशन करून हाडाला प्लेट बसवली असेल तर हालचाल बरीच आधी सुरू करतात, ते सर्जन सांगतील. निघाल्यावर हात बारीक, कोरडा, कडक दिसतो, घाबरायचं नाही, ते होतंच.

हात कोमट पाण्यात ५-१० मिनिटं ठेवा, मग:

वर-खाली: हात टेबलावर, पंजा कडेच्या बाहेर, मनगट वर उचला, खाली सोडा.
डावी-उजवी: तळहात टेबलावर सपाट, कारच्या वायपरसारखा फिरवा.
पालथा-उताणा: कोपर अंगाला चिकटवून ९० अंशात, तळहात आकाशाकडे मग जमिनीकडे. ही हालचाल बऱ्याचदा उशिरा परत येते आणि कोपर अंगापासून लांब नेऊन लोक स्वतःला फसवतात.

प्रत्येकी दहा वेळा, दिवसातून चार-पाच वेळा. आठवड्यातून एकदा जोर लावून करण्यापेक्षा रोज थोडं थोडं. दुसऱ्या हाताने धरून दाबणं फिजिओने सांगितल्याशिवाय नको.

घरातली कामं पण या क्रमातच बसवा, कारण व्यायाम जपून करतात आणि त्याच दिवशी भरलेला कुकर उतरवतात. या टप्प्यात चालतं ते म्हणजे जेवणं, केस विंचरणं, कपडे घडी करणं, मोबाइल. चालत नाही ते म्हणजे कणीक मळणं (सगळा दाब तळहाताच्या मुळावर, मनगट मागे वाकलेलं, म्हणजे जोर मारण्याचीच छोटी आवृत्ती), कपडे पिळणं, कढई सांडशीने उचलणं, पाण्याची बादली.

दुखण्याचा नियम पुढच्या सगळ्या पायऱ्यांना: शून्य ते दहात तीनपर्यंत दुखलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी परत पहिल्यासारखं शांत पाहिजे. सकाळी सूज, कडकपणा, ठणका जास्त असेल तर काल जास्त झालं, मागच्या पायरीवर या.

⚠ नुसता कपडा लागला तरी आग होते, हात चमकदार लाल-निळा, घाम जास्त, दुखणं दुखापतीच्या मानाने खूपच जास्त, असं दिसलं तर व्यायाम वाढवत बसू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.

७. पकड आणि ताकद

डॉक्टरांनी ‘हाड जुळलंय, आता उचला’ म्हटल्यावरच. मनगट वर-खाली आणि पालथं-उताणं होण्यात चांगल्या हाताच्या बऱ्यापैकी जवळ आलेलं पाहिजे.

सुरुवात न हलवता: मनगट सरळ ठेवून दुसऱ्या हाताने वरून, खालून, बाजूने हलका दाब, तो अडवायचा, ५-१० सेकंद. मग गुंडाळलेला नॅपकिन किंवा मऊ बॉल आवळणं. त्यानंतर अर्धा लिटरची पाण्याची बाटली, म्हणजे अर्धा किलो: हात टेबलाच्या कडेवर टेकवून आधी तळहात वर, मग तळहात खाली. वर नेताना चांगल्या हाताने मदत करा, खाली चार सेकंदात सावकाश सोडा. १५ वेळा तीन सेट सहज जमले की एक लिटर.

पालथा-उताणाला लाटणं किंवा छोटी हातोडी. लाटणं एका टोकाला धरून सावकाश डावीकडे-उजवीकडे कलवायचं. अवघड करायचं तर आणखी टोकाला धरा, सोपं करायचं तर मधे.

या काळात जिममध्ये दुखऱ्या हाताने हॅमर कर्ल, हलकं केबल रो, लॅट पुलडाऊन, सगळं मनगट सरळ ठेवून. बारबेल कर्ल नको, सरळ बार पकडला की मनगट पिळलं जातं. बारला लटकणं अजून नको. मनगटाचा पट्टा बांधून जड वजन उचलायला लागणं ही नेहमीची चूक, पट्ट्याने आधार वाटतो पण आतलं लिगामेंट तेवढंच आहे.

८. तळहातावर भार, आता

इथे वजनकाटा. तो ओट्यावर ठेवा, तळहात त्यावर सपाट, कोपर सरळ, आणि सावकाश दाबत जा. न दुखता किती किलो येतं ते लिहा. चांगल्या हाताचं पण लिहा.

जमिनीवरच्या पूर्ण जोरात अंगाच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग हातांवर येतो. म्हणजे ६० किलोच्या माणसाला दोन हातांवर ४०, एका हातावर २० किलोच्या आसपास, खाली जाताना त्याहून जास्त. काट्यावर आठ किलोला कळ येत असेल तर जमिनीवर जाण्यात काही अर्थ नाही, आणि हे आकड्यात दिसलं की मन पण मानतं.

क्रम असा: भिंतीवरचे जोर, मग ओट्याच्या कडेवर, मग पलंगाच्या किंवा पक्क्या बाकाच्या कडेवर, मग जमिनीवर गुडघे टेकून, मग पूर्ण. प्रत्येक पायरीवर १५ वेळा, तीन सेट, दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी, सकाळचा नियम पाळून, मगच पुढची. साधारण आठवड्याला एक पायरी धरा. जोर मारताना बोटं पसरून, बोटांनी पण जमीन पकडून, सगळा भार तळहाताच्या मुळावर सोडून देऊ नका.

मनगट मागे वाकायला अजून कमी पडत असेल तर पुश-अप बार किंवा सहा कोनांचे डंबेल धरून करा, मनगट सरळ राहतं. गोल डंबेल घरंगळतात, ते नको. मुठीवर करण्याचा सल्ला खूप जण देतात, मला तो या टप्प्यावर पटत नाही, मूठ डगमगते आणि दुखरं मनगट अचानक बाजूला मुडपतं.

बेंच प्रेसला बार बोटांच्या मुळाशी नाही, तळहाताच्या खालच्या भागात, बरोबर हाताच्या हाडाच्या रेषेत. अंगठा बारभोवती घ्यायचाच.

सूर्यनमस्कारात मधल्या जवळजवळ सगळ्या स्थितीत हात जमिनीवर असतात, म्हणून पलंगाच्या जोरांची पायरी पार होईपर्यंत हात खुर्चीच्या बैठकीवर टेकून करा, खुर्ची भिंतीला लावून. नुसता छातीशी नमस्कार सुद्धा मनगट चांगलंच वाकवतो, हात खाली आणत नेलं तर तो ताण देण्याचा व्यायामच आहे, तेवढ्यापासून सुरुवात करा. जमिनीवर गेल्यावर पहिल्या दिवशी दोन-तीनच, बारा नाही.

तपासा: कणीक मळणं, कपडे पिळणं, भरलेली बादली हे ओट्यावरचे जोर जमल्यानंतरच.

९. झटका असलेल्या गोष्टी

बारला लटकणं, पुल-अप, केटलबेल स्विंग, बॅडमिंटनचा स्मॅश, मल्लखांब, पथकात ढोल वाजवणं, या सगळ्यात भार अचानक येतो, म्हणून पूर्ण जोर न दुखता होऊन दोन-तीन आठवडे झाल्यावर. ढोल-ताशा वाल्यांनी पहिल्या सरावाला पूर्ण वेळ उभं राहू नका, दहा मिनिटं वाजवा, टिपरू सैल धरा, दुसऱ्या दिवशी हात बघा, मग वाढवा. लटकताना आधी पाय स्टुलावर टेकलेले ठेवून अर्धंच वजन सोडायचं.

दुचाकीसाठी सोपी चाचणी: गाडी स्टँडवर उभी असताना ब्रेक आणि क्लच पूर्ण दाबून धरा, दहा वेळा सलग, आणि एकदा जोरात अचानक. उजव्या मनगटाला लागलं असेल तर ॲक्सिलरेटर पिळून सोडून पण बघा. यातलं काहीही करताना हात कचरला तर अजून रस्त्यावर नको, आणि प्लास्टर किंवा स्प्लिंट असताना तर गाडी अजिबात नाही.